आठवडे बाजारासाठी उचलतं छत: सावली सोपी, वारा अवघड

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तुमचा बारा जणींचा बचत गट सोलापूर जिल्ह्यातल्या चार गावांच्या आठवडे बाजारात भाजी आणि कडधान्य विकतो. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही दहा बाय दहा फुटी, घडी होणारी दोन तयार छतं घेतलीत. पहिल्याच वळवात एकाच्या कैचीच्या पट्ट्या वाकल्या आणि दुसरं उचलून शेजारच्या पालावर पडलं. आता स्थानिक वेल्डरकडून स्वतःच करून घ्यायचं आहे. छोट्या हत्तीत बसावं, दोघींना दहा-पंधरा मिनिटांत उभारता यावं, उंची कमीजास्त व्हावी, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोन्हीकडे चालावं. पाईप कोणता, कापड कोणतं आणि उंची किती, हे तुम्ही विचारलंय.

मी पंढरपुरात २६ वर्षं तंबू-राहुट्या शिवण्याचं आणि पाईपच्या सांगाड्यांचं काम करतो. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात आणि वारकऱ्यांच्या पासष्ट एकरांच्या तळावर पडणाऱ्या राहुट्यांपैकी काही आमच्या हातच्या असतात. बाजारातली पालंही बरीच केली. त्यामुळे जे सांगतो ते हातातून गेलेलं आहे.

तुम्ही ऊन आधी लिहिलंत, मग पाऊस लिहिलात, आणि वारा लिहिलाच नाही. बहुतेक सगळे असंच करतात. सावली कुठलंही फडकं देतं. छत मोडतं ते वाऱ्याने, म्हणून सुरुवात तिथून करू या.

वाऱ्याचा दाब काढणं अवघड नाही. वेग मीटर प्रति सेकंद धरायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात हेच सूत्र आहे. उत्तर न्यूटनमध्ये येतं. त्याला दहाने भागलं की चौरस मीटरमागे किती किलोचा जोर हे ढोबळमानाने कळतं. ताशी ३६ किलोमीटरचा वारा म्हणजे सहा किलो. ताशी ५४ म्हणजे साडेतेरा-चौदा. ताशी ७२ म्हणजे चोवीस. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, ही गोष्ट मनात पक्की बसवा. तुमचं दहा बाय दहाचं छत सव्वानऊ चौरस मीटरचं. ताशी ५४ च्या झोताला त्यावर सव्वाशे किलोचा जोर येतो आणि वारा खालून आत शिरला तर तेवढ्याच जोराने छत वर उचलतो. छताच्या आकाराप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, अंदाजाला एवढा पुरतो. आता त्या सांगाड्याचं स्वतःचं वजन आठवा. वीस-पंचवीस किलो असेल. उडणारच.

म्हणून पहिला निर्णय: छत लहान करा. आठ बाय आठ फूट म्हणजे सहा चौरस मीटरला जरा कमी. त्याच वाऱ्यात जोर सव्वाशेवरून ऐंशी किलोवर येतो. एका छताखाली दोघी नीट बसतात. बारा जणींना सहा छतं लागतील. ती शेजारी शेजारी लावा, पण एकमेकांना घट्ट बांधू नका. बाजारात सगळे हेच करतात, शेजाऱ्याच्या पाईपला आपली दोरी मारतात आणि एक पाल सुटलं की ओळच्या ओळ आडवी होते.

दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा, आणि त्याच्यासाठीच मी एवढं लांब उत्तर लिहायला बसलो. उचलतं छत वादळात उभं राहावं म्हणून बनवायचंच नाही. ते मिनिटभरात खाली बसवता यावं म्हणून बनवायचं. वळवाला तोंड देईल असा सांगाडा केलात तर तो तुम्हाला दोघींना उचलणार नाही. हलका केलात तर वळवापुढे टिकणार नाही. या दोन्हींच्या मधली वाट एकच, वारा आला की खाली बसणं.

हे मी महागात शिकलो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका फळविक्रेत्याला दहा फुटी छत करून दिलं. कापड सुटू नये म्हणून मी कडेच्या प्रत्येक डोळ्यातून, म्हणजे दोरी ओवायच्या भोकातून, बांधकामाची तार ओवून पक्कडीने पिळली होती. मला ते काम भक्कम वाटलं होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात वळीव आला. त्या माणसाला एकही तार सोडता आली नाही. कापड फाटलं नाही, सुटलं नाही, सगळा सांगाडा चारही पायांसकट वर गेला आणि येताना एक पाय त्याच्या दहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर आला. टाके पडले. मुलगा बरा झाला, पण त्या दिवसापासून माझ्या दुकानात कापडाला तार लागत नाही. प्रत्येक गाठ एका ओढीत सुटली पाहिजे, मग ती बांधणारा कोणीही असो.

आता बसणारं छत कसं करायचं ते सांगतो. उतार एकाच बाजूला ठेवा, पडवीसारखा. मधे उंच टोक, चार बाजूंना उतार हा शामियान्याचा डौल आपल्याला नको, त्यात सांधे वाढतात. पुढचे दोन पाय सात फूट, मागचे दोन पाच फूट. आठ फुटांत दोन फुटांचा उतार पाण्याला पुरतो. पुढच्या पायांचा बाहेरचा पाईप चार फुटांचा आणि आतला सरकणारा चार फुटांचा. पूर्ण उंचीला एक फूट आत राहिला पाहिजे, त्याहून कमी नको, नाहीतर सांध्यात वाकतो. मागच्या पायांना तीन आणि तीन. पिना काढल्या की पुढची बाजू चार फुटांवर आणि मागची तीन फुटांवर येऊन बसते. छताखाली माणूस उभा राहणार नाही, पण माल झाकलेला राहील, आणि वाऱ्याला धरायला उंची उरणार नाही. जमिनीलगत वारा मुळात मंद असतो, शिवाय पाय आखूड झाल्यामुळे सांगाडा उलटवायला त्याला तेवढा तरफेचा फायदा मिळत नाही.

कधी बसवायचं? यंत्र लागत नाही, आजूबाजूला बघा. धूळ आणि कागद उडायला लागले की वारा ताशी २० ते २८ किलोमीटरचा असतो. तेव्हा दोऱ्या तपासा. लहान झाडं अख्खी डोलायला लागली की ताशी २९ ते ३८. तेव्हा छत खाली बसवा, गिऱ्हाईक समोर असलं तरी. मोठ्या फांद्या हलायला लागल्या म्हणजे ४० च्या घरात, तेव्हा कापड सोडून मालावरच पसरा. वळवात पाऊस येण्याआधी वारा येतो. ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. अंगाला अचानक गार झुळूक लागली, मातीचा वास आला, की तुमच्या हातात दोन-चार मिनिटं आहेत एवढंच समजा.

आता ऊन. यातही एक गोष्ट लोक विसरतात. छत जिथे असतं तिथे सावली नसते. तुम्ही स्वतः करून बघा: बाजाराच्या मैदानात छत उभं करा आणि दर तासाला सावलीच्या कडेवर रांगोळीची फक्की टाका. आमच्या पट्ट्यात १० मेच्या आसपास सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमाराला बरोबर डोक्यावर असतो. त्या वेळी सावली छताच्या थेट खाली. चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३८ अंशांवर येतो आणि सात फुटी छताची सावली जवळपास पावणेनऊ फूट पूर्वेला सरकते. म्हणजे आठ फुटी छताची सावली तोवर शेजारणीच्या मालावर गेलेली असते. पाच वाजता ती पंधरा फुटांवर जाते. आठवडे बाजाराची खरी गर्दी त्याच वेळी असते. मी कित्येक आज्या पाहिल्यात, मेथीच्या जुड्या आणि पोतं दर अर्ध्या तासाने सावलीमागे ओढत नेणाऱ्या, शेवटी रस्त्यावर येऊन बसणाऱ्या. छत त्यांच्या मागे रिकाम्या जागेवर उभं.

म्हणून उताराची खालची, पाच फुटी बाजू पश्चिमेला ठेवा. आणि त्या बाजूला तीन फुटांची झालर सोडा, कनातीसारखी, वर गुंडाळून बांधता येईल अशी. ती खाली सोडली की जमिनीपासून दोन फूट मोकळे राहतात, तिथून हवा येते. चार वाजता ऊन अडीच फूटच आत शिरतं आणि पाचला साडेचार फुटांच्या आत राहतं. तुम्ही पुढच्या अर्ध्या भागात बसलात तर उजेड आहे, सावली आहे, वाराही आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडूनच असतो, त्यामुळे खालची बाजू पश्चिमेला हे तेव्हाही सोयीचंच पडतं. फक्त वारा वाढला की झालर गुंडाळायची, कारण ती शिडासारखी फुगते. वळवाचं मात्र सांगता येत नाही, तो कुठूनही येतो.

बाजाराची ओळ उत्तर-दक्षिण नसेल तर हे जमणार नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. ओळ पूर्व-पश्चिम असेल तर झालर बाजूच्या उतरत्या कडेला लावून घ्या. शिवतानाच तिन्ही कडांना डोळे पाडून ठेवा, म्हणजे गाव बदललं की झालर बदलता येईल. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा तो ४९ अंशांच्या वर चढत नाही, म्हणून सावली सहा फूट उत्तरेला जाते. पण त्या दिवसांत ऊन हवंसंच वाटतं. पालेभाजीवरची झालर दक्षिणेला टाकली की पुरे.

पाईपचं बोलू. इथे वेल्डरला नीट सांगितलं नाहीत तर काम वाया जाईल. एक इंची बाहेरचा आणि त्यात सात सुती, म्हणजे पाऊण इंचाहून एक सूत मोठा, असा आतला पाईप घ्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन्ही १८ गेज. गेजचा आकडा लहान तितका पाईपचा पत्रा जाड. भक्कम म्हणून बाहेरचा १६ गेज घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. एक इंची १६ गेजच्या आतलं पोट जवळपास बरोबर सात सूत भरतं. पाईप आत जाणारच नाही, गेला तर धुळीने अडकेल आणि नेमक्या वळवाच्या वेळी बसणार नाही. १८ गेजमध्ये पाऊण मिलिमीटरभर मोकळीक राहते. ती हवीच. दुसरी अडचण म्हणजे पाईपच्या आतली वेल्डिंगची शिवण. पट्टी वळवून जोडलेल्या पाईपमध्ये आत लांबच लांब उंचवटा असतो. दुकानात पाईपचा तुकडा हातात घ्या, बोट घालून बघा, आणि दोन्ही पाईप तिथेच एकमेकांत सरकवून बघा. सरकला तरच घ्या.

गोल घ्यावा की चौकोनी? माझं मत चौकोनी. गोल पाईप आत फिरतो, भोकं समोरासमोर येत नाहीत आणि घाईत पिन घालणाऱ्याचा जीव जातो. पण तुमच्या गावात सरकणाऱ्या मापाचा चौकोनी मिळाला नाही तर गोल घ्या आणि आतल्या पाईपवर भोकांच्या रांगेत रंगाची एक उभी रेघ मारा. रेघ पुढे आली की भोक जुळलं. बाहेरच्या पाईपला एकच भोक, वरच्या टोकापासून दीड इंच खाली. आतल्याला दर सहा इंचांवर. पिन आठ मिलिमीटरची, भोक साडेआठचं. पिनेला साखळी वेल्ड करा, नाहीतर तिसऱ्या बाजारात पिनेच्या जागी खिळा येईल आणि पाचव्यात लाकडाची काटकी.

पुढची आणि मागची आडवी नळी आठ फुटी, दोन तुकड्यांत. वरचे वासे तीन, तेही दोन तुकड्यांत. सांधा बरोबर मधे घेऊ नका, वाकण्याचा जोर तिथेच सगळ्यात जास्त असतो. साडेचार आणि साडेतीन फुटांचे तुकडे करा, आत आठ इंचांची जोडनळी. मी वाशांना बांबूही वापरतो. भरीव, टोकांना लोखंडी टोपण घातलेला मेसकाठीचा बांबू लवचीक असतो, वाऱ्यात झुकतो आणि परत येतो. सगळा सांगाडा पाईपचाच केला तर चौदा-पंधरा किलो होतो. कापड आणि पायांच्या पट्ट्या धरून वीस-बावीस. दोन बोजे केले तर दोघींना झेपतो, आणि साडेचार फुटांहून लांब काहीच नसल्यामुळे छोट्या हत्तीत आडवा मावतो.

वासा पायाला जोडतो तिथे उतार बदलतो, पाय खालीवर झाले की कोनही बदलतो. तिथे वेल्ड मारला तर छत बसणारच नाही. एक बोल्ट आणि दोन वायसर, सैल, बिजागरीसारखं. तुमच्या तयार छतांमध्ये कैचीच्या पट्ट्या पातळ आणि रिव्हेटच्या भोकांनी अशक्त झालेल्या असतात. सभागृहातल्या प्रदर्शनाला त्या ठीक, मोकळ्या मैदानात पहिली पट्टी वाकली की घडीही होत नाही.

कापडाबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत. निळी ताडपत्री घेऊ नका. स्वस्त मिळते, पण तिच्याखाली कोथिंबीर काळपट दिसते, टोमॅटो जांभळा दिसतो आणि गिऱ्हाईक पुढे जातं. माझ्याकडे येणाऱ्या भाजीवाल्या बायकांनीच मला हे शिकवलं. एकीने माझ्या हातात दोन सारखे टोमॅटो ठेवले, एक निळ्याखाली, एक उघड्यावर, आणि म्हणाली, "तुम्ही कुठला घ्याल?" तेव्हापासून मी भाजीसाठी पांढरं किंवा दुधी रंगाचंच कापड शिवतो. त्यातून येणारा उजेड खरा रंग दाखवतो, आणि वरून पांढरा असल्यामुळे ऊन परतही फेकतो. गडद कापड स्वतः तापतं आणि तापल्यावर खाली बसलेल्याच्या डोक्यावर शेक सोडतं. सावलीत बसूनही टाळू भाजते ती यामुळे.

यावर उपाय दोन थरांचा. वर कापड आणि त्याच्या खाली अर्धा फूट सोडून पांढरी किंवा हिरवी शेडनेट. वरच्या थराचा शेक नेट झेलते आणि मधली तापलेली हवा उताराने वर चढून उंच बाजूने निघून जाते. पालात बसलेल्याला फरक पाच मिनिटांत कळतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत वरचं कापड गुंडाळून ठेवून नुसती ७५ टक्के सावलीची नेट वापरा. तिच्यातून वारा आरपार जातो, म्हणून सांगाड्यावर जोर कमी येतो. पावसाचं कापड मागच्या नळीवर गुंडाळलेलंच असू द्या, थेंब आले की पुढे ओढायचं.

वरच्या कापडासाठी मी पीव्हीसी कोटिंगचं पॉलिस्टर सुचवीन, ट्रकवर घालतात त्यातलं हलकं. विणलेल्या प्लॅस्टिकची ताडपत्री निम्म्या वजनाची असते, पण आठवड्यातून चार वेळा घडी घातली की घडीवरच तिचा वरचा थर तडकतो आणि पाणी तिथून झिरपतं. बजेट तंग असेल तर ताडपत्रीच घ्या, फक्त घडी न घालता नळीवर गुंडाळा, तिचं आयुष्य वाढेल. जुन्या सुती कॅनव्हासखाली गारवा चांगला असतो, धागे भिजले की फुगून भोकं बुजतात, पण ओलं झाल्यावर ते उचलणं तुमच्या दोघींच्या कमरेला न्याय नाही.

शिवताना शिवण उताराच्या दिशेने जाऊ द्या, आडवी नको. आडव्या शिवणीवर पाणी थांबतं. दोरा पॉलिस्टरचा. पुढच्या आणि मागच्या कडेला नेफा करा, परकराच्या नाडीला असतो तसा, पण चार बोटं रुंद, म्हणजे नळी सरळ त्यातून जाईल आणि ओढ सगळ्या कडेवर सारखी पडेल. उतरत्या दोन्ही कडा सरळ कापू नका. मधोमध दोन-अडीच इंच आत, कमानीसारख्या कापा. सरळ कापलेली कड मधे सैल पडते आणि वाऱ्यात फडफडते, आणि कापड फाटतं ते बहुतेक फडफडून फाटतं. कोपऱ्यांना त्रिकोणी दुहेरी ठिगळ लावूनच डोळे पाडा, पितळी. डोळा आणि दोरी यांच्यामधे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घाला. झोत आला की धक्का ट्यूब खाते, कापड वाचतं.

आता जमिनीला धरून ठेवणं. ताशी ५४ चा झोत धरला तर आठ फुटी छताच्या प्रत्येक पायावर वीस किलोची ओढ वरच्या दिशेने येते. मुरमाड मैदान असेल तर दीड फुटी मेखा, बारा किंवा सोळा मिलिमीटरच्या सळईच्या, डोक्याला वळवलेल्या. मेख सरळ ठोकू नका, डोकं छतापासून लांब झुकलेलं ठेवा. तणावा, म्हणजे ताणाची दोरी, जेवढ्या उंचीवरून येतो तेवढ्याच अंतरावर मेख असली तर ओढ बरोबर बसते. काळ्या मातीत मात्र मेखेवर विसंबू नका. उन्हाळ्यात ती मेख दगडासारखी धरते, आणि एक सर पडली की लोण्यातून सुरी निघावी तशी सोडते. तिथे एकामागे एक दोन मेखा ठोकून दोरीने जोडा. मेखांच्या डोक्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उपड्या घाला आणि तणाव्याला लाल चिंधी बांधा. बाजारात पोरं पळत असतात.

डांबरी रस्त्यावर किंवा सिमेंटच्या कट्ट्यावर मेख नाही. तिथे सगळे छत मालालाच बांधतात. कांद्याचं पोतं पायाला बांधलं की झालं, असा विचार असतो. सकाळी ते बरोबर असतं. पण संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कांदा विकला गेलेला असतो, आणि वळीव येतो तो नेमका तेव्हाच. पायाला बांधलेलं वजन विकायचं नसावं. वीस लिटरचे पाण्याचे चार डबे, जागेवर भरलेले, किंवा वाळूच्या शिवलेल्या पिशव्या. आणि त्या पायाच्या तळाला नुसत्या टेकवू नका, वरच्या कोपऱ्यापासून दोरी घेऊन तिला टांगल्यासारख्या ताणून बांधा, म्हणजे उचलणारा जोर थेट वजनावर जातो, सांध्यावर नाही.

पावसाचं एकच तपासायचं असतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर. दहा मिलिमीटरची सर आठ फुटी छतावर साठ लिटर पाणी टाकते. ते वाहून गेलं तर ठीक. मधे पोट पडलं तर तेवढं वजन एका जागी जमतं, पोट आणखी खोल होतं आणि सांगाडा आत ओढला जातो. छत तयार झालं की वेल्डरच्या दारातच त्याच्या मधोमध दोन घागरी पाणी ओता. सगळं खाली गेलं पाहिजे. तांब्याभर जरी थांबलं तरी मधे आणखी एक वासा घाला. शेजारच्या दोन छतांच्या फटीतून पडणारं पाणी नेमकं कडधान्यावर पडतं, म्हणून एकाची कड दुसऱ्यावर वितभर चढवा आणि सैल ठेवा.

गटातल्या ज्या ताई एसटीने एकट्या जातात, त्यांना हा सगळा पसारा नको. त्यांच्यासाठी सात बाय सात फुटांचं एक कापड, दोन काठ्या आणि चार मेखा एवढंच करा. समोरासमोरचे दोन कोपरे काठ्यांवर उंच, उरलेले दोन जमिनीजवळ मेखेला. कापड खोगिरासारखं पिळलं जातं, एका दिशेला वर वळतं आणि दुसऱ्या दिशेला खाली, आणि त्यामुळे ताठ राहतं, फडफडत नाही, पाणी दोन खालच्या कोपऱ्यांतून निघून जातं. जर्मनीतल्या कासेल गावी १९५५ च्या बाग-प्रदर्शनात फ्राय ओटो या वास्तुरचनाकाराने वादकांसाठी असंच चार टोकांचं कापडी छत उभारलं होतं, दोन टोकं वर, दोन खाली. मोठ्या तंबूंच्या जगात ते आजही नावाजलेलं आहे. आपल्याला त्यातलं लहानसं रूप पुरेसं आहे. वजन चार-पाच किलो, आणि काठी काढली की ते जागीच मालावर पडतं.

दोन गोष्टी धोक्याच्या आहेत, त्या टाळू नका. उभारताना वर विजेच्या तारा आहेत का ते बघा. सात फुटी पाय सरळ उभा करताना वर झोकला की बराच उंच जातो, आणि तो लोखंडाचा आहे. दुसरं, आकाशातली वीज. कापडाचं छत आणि लोखंडी सांगाडा विजेपासून वाचवत नाही. गडगडाट ऐकू आला की छत बसवून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, झाडाखाली नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेलं दामिनी ॲप फोनवर ठेवा, जवळपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं. माल राहू द्या.

घरी आल्यावर कापड ओलं गुंडाळून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी दोरीवर टाका. आणि उंदरांपासून जपा, ते नेमकं नेफ्याच्या दुहेरी शिवणीत घर करतात.

शेवटचं, आधी सहा छतं एकदम करायला टाकू नका. एक करा आणि दोन बाजार वापरा. आतल्या पाईपची सगळी भोकं पहिल्या दिवशी पाडू नका, वरचं आणि खालचं एवढी दोनच पाडा. दोन बाजारांत तुम्हाला कळेल की कुठल्या उंचीला तुमचा हात पोचतो आणि मधलं भोक कुठे हवं. पिनेची कडी एवढी मोठी ठेवा की ओल्या हाताची दोन बोटं तिच्यात शिरतील. गटातली सगळ्यात वयस्क बाई बोलवा, तिच्या हातावर पाणी ओता आणि तिला चारही पिना काढायला सांगा. तिला मिनिटभरात छत बसवता आलं, की उरलेल्या पाचांची ऑर्डर द्या.